स्वयंपाकघरातला माणूस

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, हे माझ्याकडे बघताच कळते. मी जळका आहे, हे मात्र सांगावे लागते. दुरुस्तीवाल्याने एकदा मला उघडून आत फुंकर मारली आणि काकीला सांगितले, की आत काहीही जळलेले नाही, नुसता पट्टा सैल झालाय. त्याला मोटर कळते, स्वभाव कळत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. कोणी माझ्या पोटात मोटर बसवली, कोणी पट्टा चढवला, कोणी स्क्रू पिळले. टेबलाच्या टोकाला एक मुलगी बसत असे. ती प्रत्येकाचे बटण दाबून कान लावायची आणि आवाज पसंत पडला की पाठीवर थाप मारून खोक्यात घालायची. माझ्या वाट्याला एक थाप आली. माझ्या पुढच्याला तिने दोन थापा मारल्या होत्या. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, यावरून काय ते ओळखा.

मला विकत घेतले एका फिटरने. मोठ्या मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात तो काम करायचा. वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर आणि उरलेसुरले घरी, असा त्याचा संसार. शेजारीपाजारी त्याला जहाजकाका म्हणत आणि त्याच्या बायकोला नुसतेच काकी. एका बंदरावरच्या दुकानातून त्याने मला आपल्या मुलासाठी आणले. माझ्याबरोबर डबाभर कॅसेटी होत्या, रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शिकवणाऱ्या. त्या कॅसेटींवर एक माणूस होता. आवाज भारदस्त आणि घाई अजिबात नाही. तो विचारायचा, "हाउ आर यू?" मग जरा वेळ गप्प बसायचा. त्या वेळात ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचे. मग तो स्वतःच बरोबर उत्तर सांगायचा, "आय ॲम फाइन, थँक यू." लोक त्याला कॅसेटवरचा माणूस म्हणत, पण मी मनातल्या मनात त्याचा आवाज माझाच समजायचो. घसा माझा, मग आवाज दुसऱ्या कोणाचा असेल?

मुलाने मला टेबलावर मानाची जागा दिली. रस्ता कसा विचारायचा, तिकीट कसे मागायचे, पाहुण्याला बसा कसे म्हणायचे, सगळे तो माझ्याकडून शिकला. त्याला दूरच्या शहरात चांगली नोकरी लागली, तेव्हा त्याने चारचौघांत सांगितले, की हे सगळे या टेपरेकॉर्डरमुळे. शेजारच्या बायका मला बघून गेल्या. एकीने तर मला हात लावून नमस्कारही केला. मी फुगून गेलो. पुढच्याच आठवड्यात मुलगा सामान बांधून निघून गेला आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. अंगावर एक विणलेले झाकण, सोबतीला एक पाल.

कपाटाशेजारी खाली काकीचे शिलाई मशीन होते. काकी गाद्यांच्या खोळी आणि पडदे शिवून द्यायची. त्या मशीनला रोज कापड मिळायचे, आठवड्याला तेल मिळायचे, काकीचे हात आणि पाय दोन्ही मिळायचे. वर तिचे बोलणेही मिळायचे, कारण एकटे माणूस कोणाशी तरी बोलतेच. दोरा तुटला की ती मशीनला "काय रे बाबा, आता तुझं काय" असे म्हणायची. मी वरून बघत राहायचो. मला कोणी "काय रे बाबा" म्हणत नव्हते.

पण काकीच्याही मनात एक जळती चूल होती. तिला राग होता त्या जहाजाचा. शेजारणींमध्ये बसली की ती हसत हसत म्हणायची, की माझी सवत लोखंडाची आहे आणि भोंगा वाजवते. बायका हसायच्या. काकी त्यांच्यापेक्षा थोडी आधी हसायची थांबायची. जहाजकाका घरी आला तरी त्याच्या गोष्टींत भलतीच माणसे असायची, ती भलत्याच भाषेत बोलायची, आणि एखादा विनोद सांगताना तो मध्येच थांबून म्हणायचा, की जाऊ दे, आपल्या भाषेत त्यात मजा नाही. एवढ्या वर्षांत नवऱ्याचे किती हसू आपल्या वाट्याला आलेच नाही, याचा काकीने हिशोब केला नव्हता. पण बाकी राहिलेय, हे तिला ठाऊक होते.

शेवटी तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला. काकीने नवे पडदे शिवले, ते यावेळी कोणा गिऱ्हाइकासाठी नव्हते. सगळे छान चालले होते. आणि एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप निसटला. तो कप उचलायला वाकला, वाकलेलाच राहिला आणि मग हळूच जमिनीवर बसला. मेंदूतली रक्ताची वाट अडली होती. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

काही आठवड्यांनी, दुपारच्या झोपेतून उठल्यावर, तो स्पष्ट आवाजात म्हणाला, "व्हेअर इज माय टॉवेल?"

काकी हातातले काम टाकून धावली. तिला त्यातला टॉवेल तेवढा कळला. तिने टॉवेल दिला, त्याने तो घेतला, आणि ती जिन्यात उभी राहून दिसेल त्याला सांगत सुटली, की हे बोलले. संध्याकाळपर्यंत तिचा आनंद उतरला. तो बोलत होता, पण सगळे इंग्रजीत. ती घरच्या भाषेत काही विचारायची, तेव्हा तो तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि मग ओशाळा होऊन मान हलवायचा. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की डोक्यात दोन भाषांची दोन घरे असतात म्हणा, त्यातल्या एकाची पडझड जास्त झाली. कामावर रोज वापरलेली भाषा वाचली. घरची कदाचित हळूहळू परत येईल, कदाचित नाही.

"सवतीनं नवरा परत केला," काकी शेजारणीला म्हणाली, "पण जीभ ठेवून घेतली."

यावेळी ती हसली नाही.

मग घरात व्यायामवाली आली. दवाखान्याने पाठवलेली तरुण मुलगी होती, आठवड्यातून तीनदा येऊन काकाचा हात वर-खाली करवून घ्यायची. ती त्याच्याशी फडाफड इंग्रजीत बोलायची. तो काहीतरी म्हणायचा, ती खळखळून हसायची, मग तोही हसायचा. काकी आत भाजी चिरत असायची. हसण्याचा आवाज आला की तिची सुरी थांबायची. बाहेर येऊन ती विचारायची, काय म्हणाले हो? व्यायामवाली सांगायची, की काही नाही, सहज गंमत. मुलगा फोनवर बापाशी बोलायचा, तेव्हाही तेच. काय म्हणाले रे? काही नाही, आई.

मित्रांनो, "काही नाही" हे उत्तर फार वाईट असते. दार लोटून घेतले तर निदान आवाज तरी होतो.

एके दिवशी काकी स्टूल घेऊन कपाटापाशी आली. मला खाली काढले, पुसले, उरापाशी धरून दुरुस्तीवाल्याकडे नेले. मुलगा फोनवर म्हणत होता, की आई, हे सगळं मोबाइलवर मिळतं, कशाला त्या डब्याच्या नादी लागतेस. तिने मोबाइलवरही शिकून पाहिले होते. तिथे चुकले की लाल फुली यायची आणि एक बाई गोड आवाजात पुन्हा प्रयत्न करायला सांगायची. काकी म्हणाली, की मला फुली नको, मला आवाज हवा. मी त्या मोबाइलकडे असे पाहिले म्हणता, की विचारू नका.

पहिले काही दिवस ती शिलाई करता करता शिकली, मशीनच्या खडखडाटात माझा आवाज काकाच्या पलंगापर्यंत जात नव्हता. प्लीज, थँक यू, सॉरी हे शब्द तिला येतच होते, ते तिने धुऊनपुसून नव्याने घेतले. मग भूक लागली का, हे विचारायला शिकली. पण कॅसेट जुनी, घासून घासून गेलेली. "हंग्री"मधला "ह" कुठेतरी वाटेत गळून पडला. काकीने ताट वाढले, त्याच्यासमोर उभी राहिली आणि मोठ्या हिमतीने विचारले, "आर यू अँग्री?"

काका दचकला. आजारी पडल्यापासून आपण बायकोला ओझे झालो, हे त्याच्या मनात होतेच. त्याला वाटले, आपले तोंड लांबलेले दिसले म्हणून ती रागावलात का असे विचारते आहे. तो घाईघाईने म्हणाला, "नो, नो." काकीने ताट झाकून आत नेऊन ठेवले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. यावेळी तर त्याने तिची खात्री पटावी म्हणून छान हसून "नो" म्हटले. व्यायामवाली आली तेव्हा त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने सगळी हकिकत सांगितली. ती इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिने काकीला दोन शब्दांतला फरक समजावून दिला. मुलगी मनाने वाईट नव्हती, पण तिच्या हसण्याने काकीचे कान लाल झाले. काकाही हसत होता. ते हसू पुन्हा त्या दोघांचेच होते.

काकीने मनाशी ठरवले, की आता पक्के येईपर्यंत याच्यासमोर एक शब्द काढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी पडला, की ती मला घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लावून घ्यायची.

ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. शिलाई मशीन बाहेर, मोबाइल बाहेर, व्यायामवाली बाहेर, नवरासुद्धा बाहेर. आत फक्त काकी आणि मी. मी विचारायचो, ती उत्तर द्यायची. पोस्ट ऑफिस कुठे आहे, असे मी विचारले, की ती आधी इंग्रजीत सांगायची आणि मग घरच्या भाषेत पुटपुटायची, "मला काय विचारतोस बाबा, मी कुठे घराबाहेर पडते," आणि स्वतःशीच हसायची. बाबा म्हणाली ती मला. बंद करताना न चुकता "थँक यू" म्हणायची. शिलाई मशीनला कधी कोणी थँक यू म्हटले होते का?

बाहेर काका मात्र दिवसेंदिवस मिटत चालला. व्यायामाला हात देईना. भिंतीकडे तोंड करून पडू लागला. व्यायामवालीने काकीला बजावले, की आत्ता हात हलला नाही तर तो कायमचा आखडेल. काकीला वाटले, आपल्या त्या चुकीने त्याचा हिरमोड झाला. म्हणून ती आणखी जोराने अभ्यासाला लागली. दार आणखी जास्त वेळ बंद राहू लागले. मला त्यात दुःख करण्यासारखे काहीच दिसत नव्हते.

एका दुपारी व्यायामवाली नेहमीपेक्षा लवकर आली. काकीने तिच्यासाठी पाणी भरले आणि ग्लास घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. मी मागे ओट्यावर होतो. बाहेर ती मुलगी काकाला हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती. काकाने तोंड भिंतीकडे फिरवले. मग म्हणाला, "देअर इज अ मॅन इन द किचन."

काकी जागच्या जागी थांबली.

तो पुढे बोलत राहिला, तुटक तुटक. काकीला त्यातले सगळे कळले. किचन कळले, मॅन कळले, एव्हरी आफ्टरनून कळले. तो सांगत होता, की स्वयंपाकघरात एक माणूस येतो. रोज दुपारी. मागच्या जिन्याने येत असेल. ही दार लावून घेते. शब्द ऐकू येत नाहीत, पण त्याच्याशी बोलते, हसते. माझ्याशी बोलत नाही.

व्यायामवाली या वेळी हसली नाही.

काकीच्या चेहऱ्यावर आधी एक वेगळाच उजेड आला. लग्नानंतर पहिल्यांदा तिला नवऱ्याचे इंग्रजी कोणाला न विचारता समजले होते. मग त्याचा अर्थ आत उतरला आणि तिने ग्लास तिथेच खाली ठेवला.

आणि मी? मी आयुष्यभर सगळ्यांवर जळलो, मित्रांनो. माझ्यावर कोणी जळण्याची ही पहिलीच वेळ. सात समुद्र हिंडलेला माणूस माझ्यामुळे जेवत नव्हता, झोपत नव्हता. मी आनंदाने भरून गेलो.

तो आनंद फार टिकला नाही. काकीने माझी वायर उपटली, मला उचलले आणि काकाच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर आणून ठेवले. वायर लावली. बटण दाबले.

"हाउ आर यू?" माझ्यातला माणूस म्हणाला आणि गप्प बसला.

त्या गप्प वेळात काकीने उत्तर दिले, "आय ॲम फाइन, थँक यू." माझ्यातल्या माणसानेही तेच सांगितले. काका माझ्याकडे बघत राहिला. माझी बटणे, माझी मूठ, बंदरावर त्यानेच निवडलेला माझा रंग. त्याने मला ओळखले. मग डावा हात लांब करून त्याने मला बंद केले.

आणि त्याने स्वतः विचारले, "हाउ आर यू?"

शब्द तेच होते. मी ते हजारदा उच्चारले असतील. पण तो विचारून तिच्याकडे बघत राहिला. माझा गप्प वेळ ठरलेला असतो, उत्तर येवो न येवो, माझी फीत पुढे सरकते. त्याचे थांबणे संपतच नव्हते.

काकीचे तयार उत्तर ओठांवर आले. तिने ते गिळले.

"आय ॲम," ती म्हणाली. मग अडखळली. मग म्हणाली, "आय ॲम नॉट फाइन."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डब्यातल्या कुठल्याही कॅसेटवर नाही. दुकान उघडे नाही, या धड्यातला तो "नॉट" होता. तो तिने तिथून उसवून काढला आणि इथे शिवला. पाठ केलेल्या भाषेतले तिचे हे पहिले स्वतःचे बोलणे.

काका म्हणाला, "मी टू."

काकी चमकली. तिला ऐकू आले, मी, तू. क्षणभर वाटले, घरची भाषा परत आली. लगेच तिला धडा आठवला. मलाही तसेच वाटते, एवढेच तो म्हणत होता. पण आता ऐकले ते ऐकले. ती पलंगावर टेकली. त्याचा लोंबता उजवा हात तिने दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्याच छातीवर ठेवला.

"मी," ती म्हणाली.

मग तो हात तिने स्वतःकडे ओढला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

"तू."

जन्मभर त्याला अहो म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून त्याच्यासमोर तू निघाला, पण कोणी हसले नाही. व्यायामवालीने आपली पिशवी उचलली आणि ती पावले न वाजवता निघून गेली. काकी पुन्हा पुन्हा तो हात इकडून तिकडे नेत राहिली. किती वेळाने कोण जाणे, जड जिभेने, लहान मूल बोलते तसा, तो म्हणाला, "मी." मग तिच्याकडे बघून, "तू."

हात थकला, तरी त्याने तो काढून घेतला नाही.

त्यानंतर त्या घरात दोन्ही भाषांची खिचडी झाली. काका पूर्ण बरा झाला नाही, पण भिंतीकडे तोंड करून पडणे थांबले. घरचे शब्द एकेक करून परत येऊ लागले, काही वाकडे, काही अर्धे. काकी त्याला घरची भाषा शिकवते, तो तिला जहाजावरची. कुकरची शिट्टी झाली की ती आता "स्टॉप इंजिन" म्हणते. व्यायामवाली आली की काय म्हणाले हो, असे ती विचारत नाही. आता काकी काहीतरी म्हणते, त्या दोघी हसतात, आणि काका विचारतो, "व्हॉट? व्हॉट?" काकी म्हणते, "काही नाही." एवढा सूड चालायचाच.

मी स्वयंपाकघराच्या फळीवर असतो, मिठाच्या बरणीशेजारी. दुपारी दार उघडे असते आणि बाहेरून दोघांचे आवाज येतात. तो तिला चुकीचे उच्चार शिकवतो, व्याकरण तर इंजिनाच्या तेलात बुडवलेले. माझ्याकडे सगळे शुद्ध होते. जळायचे कोणावर, हे मला आता वेगळे सांगायला नको.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना जीव असेल तर त्याला अधूनमधून पुसा, त्याची बटणे हळू दाबा, त्याच्यावर झाकण घालून विसरून जाऊ नका. भाषा शिका, आमच्याकडूनच शिका, आम्ही कंटाळत नाही. फक्त एक विनंती ऐका. ज्या माणसाशी बोलण्यासाठी शिकत असाल, त्याला दाराबाहेर ठेवून शिकू नका. त्याच्यासमोर चुका, त्याला हसू द्या, आणि तो अडखळला तर तुम्ही थांबा. हे सांगणे माझ्या जिवावर येते. तुम्ही ऐकलेत, तर माझ्यासारख्यांची जागा कायमची फळीवरच.